शर्यतीनंतरचे सव्वीस दिवस

ग्रीक इतिहासातील एक आख्यायिका सर्वांच्या परिचयाची आहे. इसवी सनापूर्वी ४९० मध्ये मॅरेथॉनच्या रणभूमीवर अथेन्सच्या सैन्याने इराणी आक्रमकांचा पाडाव केला. ती शुभवार्ता घेऊन एक दूत धावत अथेन्सला आला, विजयाचे दोन शब्द त्याने कसेबसे उच्चारले आणि तेथेच तो गतप्राण झाला. इतिहासाच्या कसोटीला ही कथा पुरती उतरत नाही. त्या युद्धाची हकिकत लिहिणाऱ्या हेरोडोटसने ती सांगितलेलीच नाही. पुष्कळ शतकांनंतरच्या लेखनात ती आढळते. तरीही लोकांच्या मनात ती ठसली आहे, आणि तिच्यामुळे एक गैरसमजही रूढ झाला आहे. धावणे संपले म्हणजे सारे संपले, असा तो गैरसमज होय. त्या दूतापुढे दुसऱ्या दिवसाचा प्रश्नच नव्हता. आजच्या धावपटूला मात्र सोमवारी सकाळी उठायचे असते, जिना उतरायचा असतो, कामावर जायचे असते आणि घरच्यांबरोबर जेवायलाही बसायचे असते.

सुरतेच्या उत्तरेस, तापी ओलांडून अमरोलीच्या पुढे गेले म्हणजे कोसाड लागते. मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावर त्याचे छोटेसे स्थानक आहे. एके काळचे हे खेडे आता महानगरपालिकेच्या हद्दीत आले असून तेथे घरकुलांची मोठी वसाहत उभी राहिली आहे. सुरत आणि खानदेश यांना ताप्ती खोऱ्याच्या लोहमार्गाने जोडल्याला शंभर वर्षे कधीच उलटून गेली. त्या मार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबारकडील हजारो कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेला आली आणि तेथलीच झाली. अशाच एका कुटुंबातील, मागावर किंवा भरतकामाच्या यंत्रावर पाळी करणारा तिशीतला तरुण क्षणभर डोळ्यांपुढे आणावा. सहा महिने तो पहाटे साडेचारला उठून धावला. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुण्यात त्याने आपली पहिली मॅरेथॉन पुरी केली. वर्षभरापूर्वी त्याने दूध, दही, तूप सोडले आहे. गळ्यात पदक घालून तो आता गाडीने घरी निघाला आहे. घरी आई वाट पाहत आहे, आणि पुढे नाताळाच्या सुट्ट्या व उत्तरायण असे सणासुदीचे दिवस आहेत. या तरुणाने पुढील काही आठवडे कसे घालवावेत, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम या शर्यतीविषयी थोडेसे. १८९६ साली अथेन्सला आधुनिक ऑलिंपिकची पहिली मॅरेथॉन झाली, तेव्हा अंतर सुमारे ४० किलोमीटर होते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते ४२.१९५ किलोमीटर, म्हणजे २६ मैल ३८५ यार्ड भरले, आणि १९२१ साली तेच प्रमाण म्हणून स्वीकारण्यात आले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२० मध्ये, बेल्जियममधील अँटवर्प येथे ऑलिंपिकची सर्वांत लांब मॅरेथॉन झाली. तिचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते. मराठी वाचकांना तिचे अगत्य वाटावे असे एक कारण आहे. त्या शर्यतीत बेळगावचे फडेप्पा चौगुले धावले होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील स्पर्धेत गाजलेल्या धावपटूंना ऑलिंपिकला पाठविण्याच्या कामी सर दोराबजी टाटा यांनी पुढाकार घेतला होता. चौगुले यांनी ते अंतर २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत कापून १९ वा क्रमांक मिळविला. त्या दिवशी पहिला आला तो फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन. तो शाकाहारी होता, ही गोष्टही येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता शरीराकडे वळू. एवढे अंतर धावल्यावर शरीरात नेमके काय घडते? आपल्या स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन नावाची साखरेची शिदोरी साठविलेली असते. ती साधारणतः चारपाचशे ग्रॅम भरते. तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास ती सरत येते, पाय शिशासारखे जड होतात आणि मन कच खाऊ लागते. शर्यत संपते तेव्हा हे कोठार जवळजवळ रिकामे असते. घामावाटे पाणी आणि मीठ गेलेले असते. शिवाय स्नायूंच्या तंतूंना असंख्य सूक्ष्म इजा झालेल्या असतात. पाय ठणकतात ते या इजांमुळे. लॅक्टिक आम्ल साचून पाय दुखतात, अशी एक जुनी समजूत आहे. पण ते आम्ल शर्यतीनंतर तासाभरातच बहुतांशी निघून जाते. ठणका मात्र दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी कळसाला पोचतो, आणि जिना चढण्यापेक्षा उतरताना अधिक जाणवतो. उतरताना ताणलेल्या स्नायूलाच भार तोलावा लागतो, हे त्याचे कारण होय.

शर्यत संपताच मटकन खाली बसू नये. दहापंधरा मिनिटे सावकाश चालावे, ओले कपडे बदलावेत, आणि तासाभराच्या आत काहीतरी खावे. केळी, शेंगदाण्याची चिक्की, मीठ-साखर-लिंबाचे पाणी एवढे प्रारंभी पुरे. पाणी प्यावे, पण तहानेपुरतेच. जितके पाणी अधिक तितके बरे, ही समजूत घातक आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा त्यांपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम प्रमाणापेक्षा खाली गेलेले आढळले. अतोनात द्रव पिऊन ज्यांचे वजन शर्यतीत वाढले होते, त्यांना हा धोका विशेष होता. हे प्रमाण फारच उतरले तर मेंदूला सूज येऊन प्राणावरही बेतते. त्याचप्रमाणे ठणका थांबविण्यासाठी त्याच दिवशी वेदनाशामक गोळ्या घेण्याची घाई करू नये. शरीरातील पाणी घटलेले असताना या गोळ्यांचा मूत्रपिंडावर विपरीत परिणाम होऊ शकतो.

तीन लक्षणे मात्र घरच्यांनीही पाठ करून ठेवावीत. लघवी काळपट चहासारखी झाली. एकाच पायाची पोटरी सुजून गरम आणि दुखरी झाली. किंवा छातीत दुखून श्वास लागला, तर ते नुसते श्रम नव्हेत. पहिले लक्षण स्नायू मोठ्या प्रमाणावर विरघळल्याचे, दुसरे शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचे असू शकते. लांबच्या प्रवासात एकाच जागी बसून राहिल्याने गुठळीचा संभव वाढतो. म्हणून गाडीतही अधूनमधून उठून चालावे. यांपैकी काहीही दिसले तर तेल चोळत बसू नये, तत्काळ डॉक्टर गाठावा.

मग पुन्हा धावायचे केव्हा? जुन्या धावपटूंचा एक सोपा ठोकताळा आहे : शर्यतीतील दर मैलामागे एक दिवस नेटाने धावणे वर्ज्य. मैल सव्वीस, म्हणून दिवसही सव्वीस. हा काही निसर्गनियम नव्हे. परंतु त्यामागे शहाणपण आहे. हृदय आणि श्वास आठवड्याभरात ताजेतवाने होतात, स्नायूही दोन आठवड्यांत बरेचसे सावरतात. मात्र स्नायूबंध आणि हाडे यांची झीज भरून येण्यास अधिक अवधी लागतो. दहाव्या दिवशी धावपटूला वाटते, आपण पूर्ववत झालो. आणि नेमक्या त्याच भ्रमात तो दुखापत ओढवून घेतो. म्हणून पहिला आठवडा केवळ चालावे व भरपूर झोपावे. दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड वीस-तीस मिनिटे, बोलता बोलता धावता येईल अशा गतीने धावावे. तिसऱ्या आठवड्यात ते हळूहळू वाढवावे. पुण्याची शर्यत परंपरेने डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. तेव्हा सव्वीस दिवस मोजले तर ते नाताळ आटोपून वर्षअखेरीपाशी येतात. सुट्टी आणि विश्रांती यांची ही गाठ जणू मुद्दाम घातल्यासारखी आहे.

येथवर शरीराचे झाले. मनाची कथा निराळी आहे, आणि तिच्याविषयी पहिल्या खेपेच्या धावपटूला सहसा कोणी सावध करीत नाही. शर्यतीनंतर चारआठ दिवसांत एक विचित्र उदासी मनावर येते. सहा महिने प्रत्येक पहाटेला एक अर्थ होता. भिंतीवरच्या कागदावर आजचे किलोमीटर लिहिलेले असत. आता तो कागद कोरा असतो. पदकाचे कौतुक शेजारी दोन दिवस करतात आणि विसरतात. पाळी, माग, घरभाडे हे सारे पूर्वीच्याच जागी असते. ‘एवढे करून झाले काय?’ असा प्रश्न मनात डोकावू लागतो. पुष्कळांना हा अनुभव येतो आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. ध्येय गाठले की त्या ध्येयाने व्यापलेली जागा रिकामी होते, इतकेच. ती भरण्यासाठी पुष्कळजण घाईने दुसऱ्या शर्यतीत नाव नोंदवितात. तो उपाय नव्हे. दुखऱ्या पायांवर काढलेले ते नवे कर्ज होय.

१८९६ ची ती पहिली शर्यत जिंकणारा स्पिरिडॉन लुई हा मारूसी गावचा पाणक्या होता. विजयाने तो एका दिवसात राष्ट्रपुरुष झाला. तथापि त्यानंतर तो स्पर्धेत उतरला नाही. आपल्या गावी परतून साधे जीवन जगला. याउलट सातारा जिल्ह्यातील ललिता बाबर यांचे उदाहरण आहे. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत अग्रस्थान मिळविल्यानंतर त्या अडथळ्यांच्या ३००० मीटर शर्यतीकडे वळल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्या प्रकारच्या अंतिम फेरीपर्यंत पोचल्या. एकाने धावणे थांबविले, दुसरीने धावण्याचा प्रकार बदलला. दोन्ही मार्ग योग्यच. पुढे काय, याचे उत्तर ज्याचे त्याने शोधावयाचे असते; आणि ते शोधण्यासाठीच हे सव्वीस दिवस आहेत.

या दिवसांत घराचे ऋण फेडावे, हे उत्तम. सहा महिने त्या तरुणाच्या वाट्याची कामे कोणीतरी केली, पहाटे त्याच्यासाठी कोणीतरी जागे झाले, रविवारी मुलांना घेऊन तापीकाठी कोणीतरी दुसरेच गेले. आता त्याने मुलांच्या चालीने चालावे, उत्तरायणासाठी त्यांच्याबरोबर पतंगाच्या कण्या बांधाव्यात, आणि स्वयंपाकघरातही पाऊल ठेवावे. तेथेच आपल्या विषयाचा दुसरा भाग सुरू होतो.

दूध, दही, तूप, मध यांसह सर्व प्राणिज पदार्थ वर्ज्य करणाऱ्या आहाराला पाश्चात्त्य देशांत ‘व्हीगन’ म्हणतात. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनल्ड वॉटसन आणि त्याचे सहकारी यांनी हे नाव रूढ केले व त्या नावाची संस्था स्थापिली. मराठीत त्याला निर्दुग्ध शाकाहार म्हणता येईल. अशा आहारावर लांब पल्ल्याचे धावणे जमते काय? अमेरिकेचा स्कॉट ज्युरेक याने हा आहार पाळून शंभर मैलांच्या ‘वेस्टर्न स्टेट्स’ शर्यती सातत्याने जिंकल्या. या आहाराने माणूस अधिक वेगाने धावतो, असे मात्र सिद्ध झालेले नाही. तो विचारपूर्वक घेतला तर धावण्याच्या आड येत नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

‘विचारपूर्वक’ या शब्दावर येथे भर आहे. वनस्पतिजन्य अन्नात ब-१२ हे जीवनसत्त्व भरवशाने मिळत नाही. त्याच्या अभावी रक्तक्षय होतो, हातापायांना मुंग्या येतात आणि मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते. हे सारे इतके सावकाश होते की ध्यानात येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून दूध सोडणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने ब-१२ ची गोळी घेतलीच पाहिजे. येथे निष्ठेचा प्रश्न नाही. लोहासाठी बाजरी, अळीव, कडधान्ये आणि हिरव्या भाज्या असाव्यात, त्यांवर लिंबू पिळावे, आणि जेवणालगतचा चहा तासभर पुढे ढकलावा, कारण चहाने लोहाचे शोषण रोखले जाते. स्त्री धावपटूंनी याची विशेष दक्षता घ्यावी. चुन्यासाठी नाचणी उत्तम. तिच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिळात त्याहूनही अधिक असते, पण ते सारेच अंगी लागत नाही. प्रथिनांसाठी धान्य आणि डाळ यांची जोडी हवी. एकात जे उणे असते ते दुसऱ्यात असते.

ही जोडी खानदेशच्या घरात पूर्वापार आहे. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी आणि तिच्याबरोबर हिरव्या मिरचीचे, शेंगदाणे व कांद्याची पात घातलेले वांग्याचे भरीत यांत दुधाचा थेंब नसतो. ज्या आईला वाटते, ‘तूप सोडले म्हणजे पोराने आपले अन्नच नाकारले’, तिला हे कुणीतरी समजावून सांगावयास हवे. त्याने नाकारले आहे ते फार थोडे. तिच्या हातचे जे त्याला हवे आहे ते पुष्कळ आहे. सोमवारी मऊ खिचडीवर तुपाऐवजी शेंगदाण्याच्या तेलाची लसणीची फोडणी घालून दिली, तर रिकाम्या कोठारात त्याहून योग्य भर कोणती?

सुरतेचा हिवाळा तर या बाबतीत उदार आहे. या दिवसांत तेथे पोंक येतो. तो म्हणजे आपला कोवळ्या ज्वारीचा हुरडा. लिंबूमिरीच्या शेवेबरोबर तो खातात. चण्याच्या डाळीचा वाफाळता लोचोही निर्दुग्ध मिळू शकतो. त्यावर लोण्याऐवजी कच्चे तेल घालण्यास सांगावे, म्हणजे झाले. आणि सर्वांवर कळस म्हणजे उंधियू. ‘उंधुं’ म्हणजे पालथे. मूळ प्रकारात भाज्यांनी भरलेले मडके जमिनीत पालथे पुरून वर विस्तव पेटवीत. रायगड जिल्ह्यात वालाच्या शेंगांची पोपटी भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडके पालथे घालून लावतात, तिचीच ही सख्खी बहीण. शहरात आता उंधियू पातेल्यातच होते.

सहा माणसांसाठी अर्धा किलो सुरती पापडी निवडून घ्यावी. पाव पाव किलो जांभळा कंद, रताळी, लहान बटाटे आणि लहान वांगी, दोन कच्ची केळी व वाटीभर तुरीचे कोवळे दाणे घ्यावेत. मेथी बारीक चिरून तीत बेसन, थोडी कणीक, आले-मिरची, ओवा, मीठ, चिमूटभर साखर, लिंबाचा रस व तेलाचे मोहन घालून मुठिये वळावेत आणि तळावेत किंवा वाफवावेत. पुष्कळ घरी या पिठात दही घालतात; येथे लिंबाने तेच काम भागते. खवलेला नारळ, हिरवी लसूणपात, कोथिंबीर, तीळ, आले-मिरची, धने-जिरे, मीठ व साखर यांचा हिरवा मसाला करून वांगी-बटाट्यांत भरावा. जाड बुडाच्या पातेल्यात सढळ तेलावर ओवा-हिंग टाकून प्रथम पापडी व दाणे, त्यावर कंद, रताळी व भरलेल्या भाज्या असे थर द्यावेत. मध्ये मसाला पेरावा. वाटीभर पाणी घालून मंद आचेवर झाकून शिजवावे. केळी आणि मुठिये अखेरीस घालावेत. डाव न फिरविता पातेलेच हलवावे. पापडी पूर्ण शिजल्याखेरीज उतरू नये. कंदमुळांतून स्नायूंची शिदोरी, शेंगा व बेसनातून प्रथिने, असे धावपटूला हवे ते बहुतेक सारे या एका पातेल्यात येते.

नाताळाच्या फराळातही वाट निघते. गोव्याचा दोदोल तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा गूळ यांचाच असतो. संक्रांतीचा तीळगूळही चालतो. सुरतेची घारी मात्र मावा आणि तूप यांचीच. ती कोणी प्रेमाने पुढे केली, तर हात जोडून नम्रपणे नाही म्हणावे आणि त्या घरचा चिवडा मागून घ्यावा. आहाराचा नियम पाळावा, पण तो पंक्तीत दुसऱ्याला टोचेल असा मिरवू नये.

असे दिवस जातात आणि चौदा जानेवारी उजाडते. शर्यतीला सुमारे सहा आठवडे झालेले असतात. कोसाडच्या गच्च्यांवर सकाळपासून आरोळ्या उठतात, आकाश पतंगांनी भरून जाते, खाली उंधियूचे पातेले उतरते. तो तरुण त्या पहाटेही उठलेला असतो. कोणत्याही कागदावर न लिहिलेले पाचसहा किलोमीटर तो सहज धावून आलेला असतो. पाय दुखत नाहीत. घरात तो सर्वांना वाढतो, आई त्याच्या पानात उंधियूचा दुसरा डाव घालते आणि तुपाची वाटी न सांगता दुसऱ्या पानाकडे नेते. त्या मॅरेथॉनच्या दूताला जे लाभले नाही ते याला लाभले आहे. शर्यत पुरी केल्याची खरी खूण पदकात नसून, त्यानंतरच्या अशा एखाद्या साध्या दिवसात असते.